ओसरत्या मंडळीची उभारणी: तालुक्याच्या गावातील जुन्या मिशन चर्चसाठी कामाचा क्रम

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे झाले आणि पुढच्या शतकभरात नगर, सातारा, सोलापूर या भागांत एका विशिष्ट घडणीचा ख्रिस्ती समाज उभा राहिला. चर्चच्या शेजारी शाळा, शाळेच्या मागे वसतिगृह, पलीकडे दवाखाना आणि या सगळ्यांत काम करणारे शिक्षक, परिचारिका, बायबलबाया (घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया) व त्यांची कुटुंबे त्याच आवारात, अशी ती घडण होती. रविवारी चर्च भरत असे, कारण चर्चमध्ये बसणाऱ्यांचा रोजगारही त्याच फाटकाच्या आत होता. मिशनरी गेले, संस्था आक्रसल्या, मुले शिकून पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई आणि आखाती देशांकडे गेली आणि मोठ्या दगडी इमारतीत मूठभर वयस्क सभासद उरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर अनेक मिशनांच्या मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासद-समुदाय, एका छत्राखाली आल्या, पण आवाराभोवती जगण्याची सवय छत्र बदलल्याने सुटली नाही.

हा लेख अशा मंडळीचे पाळक (धर्मगुरू), पास्टरेट कमिटीचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, सभासद आणि पुढाकार घेऊ इच्छिणारे विश्वासी यांच्यासाठी आहे. त्यामागची धारणा आरंभीच सांगितलेली बरी. पाळकांची बदली ठरलेली असते आणि त्यांच्या उत्साहावर उभे राहिलेले प्रत्येक काम त्यांच्या सामानाबरोबर टेम्पोत चढते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर हे काम पाळकांच्या अनुपस्थितीत कोण करणार, हा एकच प्रश्न विचारावा. त्याला नावानिशी उत्तर मिळत नसेल, तर ती पायरी अजून सुरू करू नये.

आधी मोजणी, मग संजीवन सभा

मंडळी ओसरली की पहिला ठराव बहुधा तीन दिवसांच्या संजीवन सभेचा, म्हणजे श्रद्धा पुन्हा जागवण्यासाठीच्या प्रवचनसभेचा, होतो. बाहेरचे वक्ते येतात, मंडप पडतो, लोक रडतात आणि पुढच्या रविवारी बाकांवर पुन्हा तीच माणसे दिसतात. संजीवन सभेला माझा विरोध नाही. ती कशासाठी घ्यायची हे ठाऊक होईपर्यंत थांबावे, एवढेच म्हणणे आहे. बायबलमधील नहेम्या यरुशलेमेस पोहोचल्यावर तीन दिवस थांबला, मग रात्री मोजकी माणसे बरोबर घेऊन पडलेला तट पाहून आला आणि त्यानंतर लोकांशी बोलला. तोच क्रम येथे पाळावा.

तिजोरीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या काढून गेल्या दहा वर्षांचे आकडे वर्षवार एका कागदावर उतरवावेत. त्यानंतर सलग आठ साध्या रविवारी उपस्थिती मोजावी. नाताळ, पुनरुत्थानाचा सण आणि कापणीचा सण यांत धरू नयेत, कारण सणाची गर्दी आजाराचे खरे स्वरूप झाकते. मोजताना बालके, तरुण, मध्यमवयीन आणि साठीपुढचे अशी वेगळी नोंद करावी. शेवटी सभासद यादीतील प्रत्येक कुटुंब चार रकान्यांपैकी एकात बसवावे: नियमित येणारे, गावात असून न येणारे, दुसऱ्या प्रार्थनागृहात जाणारे आणि बाहेरगावी स्थायिक झालेले.

या यादीबाबत एक खबरदारी घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. त्यामुळे काही कुटुंबे उपासनेला येतात, पण सवलती जातील या भीतीने आपले नाव कागदावर असू नये असे त्यांना वाटते. त्यांच्यावर नोंदणीसाठी दबाव आणू नये, यादीची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत आणि ती पाळक व सचिव यांच्याच ताब्यात ठेवावी.

चार रकाने भरले की ओसरण्याची कारणे वेगवेगळी आहेत हे दिसू लागते. स्थलांतराने रिकामे झालेले बाक व्याख्यानांनी भरत नाहीत आणि भांडणाने रिकामे झालेले बाक गाण्यांनी भरत नाहीत. बहुतेक मंडळ्यांत अशी कारणे एकत्र असतात. कोणत्या कारणाने किती घरे गेली हे कळले, तरच शक्ती कोठे लावायची ते ठरते.

घरभेटी

यानंतरचे तीन-चार महिने केवळ ऐकण्यासाठी द्यावेत. दोघांनी मिळून जावे: एक कमिटीतील आणि एक कमिटीबाहेरचा, आणि शक्यतो त्यांतील एक स्त्री असावी. पाळकांनी प्रत्येक भेटीत असण्याची गरज नाही. ते असले की लोक जपून बोलतात. वर्गणीची पावतीपुस्तके बरोबर नेऊ नयेत. चर्चचे माणूस दारात आले म्हणजे वर्गणी मागायला आले, असा समज ज्या गावात पक्का झाला आहे, तेथे रिकाम्या हाताने गेलेली जोडीच काहीतरी नवे घडत असल्याचे पहिले चिन्ह ठरते.

“तुम्ही चर्चला का येत नाही?” हा प्रश्न कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर सबबीतच मिळते. त्याऐवजी, “आजी, तुमच्या लहानपणी आपल्या मंडळीत काय चांगले चालायचे?”, “सध्या घरात कोणत्या गोष्टीची चिंता आहे?” आणि “आपल्या आळीत कोणाला मदतीची गरज आहे असे तुम्हाला वाटते?” असे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे पुढे फार उपयोगी पडतात. निघताना प्रार्थना करावी आणि घरातील चिंतेचा नावासकट उल्लेख करावा. घरी परतल्यावर त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवाव्यात.

दुसऱ्या प्रार्थनागृहात जाणाऱ्या कुटुंबांकडेही जावे, पण त्यांना परत आणण्याच्या हेतूने जाऊ नये. ती तेथे का रमली हे ऐकण्यासारखे असते. आजारपणात कोणीतरी घरी येऊन प्रार्थना केली, तेथे आपले नाव माहीत आहे, बायकांना उभे राहून आपल्या विश्वासाची साक्ष देता येते, अशी कारणे बहुधा समोर येतात. त्यांत शिकवणीचा मतभेद क्वचितच असतो.

भांडणे आणि हिशेब

हा भाग सर्वांत कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो. ज्या मंडळीत जागेवरून दोन तट पडले आहेत आणि हिशेब वर्षानुवर्षे वाचला गेलेला नाही, तेथे कोणताही नवा उपक्रम संशयानेच पाहिला जाणार. म्हणून बाहेरच्या सेवेची घोषणा करण्यापूर्वी घरातले कागद सरळ करावेत.

आपली मालमत्ता कोणत्या विश्वस्त संस्थेच्या नावावर आहे हे प्रथम पाहावे. बऱ्याच ठिकाणी ती स्थानिक मंडळीच्या नावावर नसून वरच्या ट्रस्टच्या नावावर असते आणि स्थानिक कमिटीला तिच्याबाबत निर्णय घेण्याचा अधिकारच नसतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार विश्वस्तांत किंवा नोंदीतील तपशिलात बदल झाल्यास नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. अनेक जुन्या ट्रस्टांच्या नोंदीत दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतात आणि तंट्यांची मुळे तेथे सापडतात. त्याच कायद्याच्या कलम ३६ नुसार ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा इमारत व बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मंडळीला उर्जितावस्था आणण्यासाठी कोपऱ्यावरची जागा विकासकाला देऊ, अशी सूचना कोणी मांडली, तर हे कलम त्याच बैठकीत वाचून दाखवावे.

हिशेबासाठी एक साधी रीत पुरेशी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर जमा, खर्च आणि शिल्लक तीन ओळींत वाचावी आणि तो कागद सूचनाफलकावर लावावा. सहा महिने हे न चुकता झाले की लोकांच्या बोलण्याचा सूर बदलतो. व्यक्तिगत वैर मात्र फलकाने मिटत नाही. त्यासाठी दोन्ही घरांना मान्य असलेल्या, शक्यतो दुसऱ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्या व्यक्तीला मध्यस्थ करावे आणि प्रभुभोजनापूर्वीचा (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीपूर्वीचा) आठवडा त्यासाठी निवडावा. न्यायालयात गेलेला वाद उपासनेच्या सूचनांमध्ये कोणीही काढायचा नाही, असे दोन्ही बाजूंकडून वदवून घ्यावे.

पाच ते सात जणांचा गट

पास्टरेट कमिटी निवडणुकीने येते आणि तिचा बहुतेक वेळ इमारत, भाडेकरू व सण यांत जातो. नव्या कामासाठी वेगळा, लहान गट असावा. यरुशलेमेतील विधवांच्या रोजच्या वाटणीबद्दल कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःच्या अंगावर न घेता सात जण निवडून त्यांच्याकडे सोपवले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. घरभेटींत जे ऐकून घेऊ शकले, ज्यांनी वह्या नीट लिहिल्या, तेच या गटाचे उमेदवार समजावेत. निम्म्याहून अधिक जण कमिटीबाहेरचे असावेत. बाकांवर स्त्रियांची संख्या अधिक असते, मग गटातही ती तशीच दिसली पाहिजे. तरुण संघातील एखादा सभासद घ्यावा आणि त्याच्याकडे ध्वनिक्षेपक लावण्यापलीकडची जबाबदारी द्यावी.

या गटाला कमिटीच्या ठरावाने एका वर्षाची मुदत, छोटा खर्च स्वतः करण्याचा अधिकार आणि महिन्यातून एकदा अहवाल देण्याचे बंधन द्यावे. ठराव लेखी असावा. तोंडी आशीर्वादावर चाललेला गट पहिल्या मतभेदातच पोरका होतो.

उपासनेत काय बदलावे

उपासनेत एका वेळी एकच बदल करावा आणि तो तीन महिने चालू द्यावा. वाचन, प्रार्थना आणि दानार्पण या भागांत वेगवेगळ्या घरांना पाळी द्यावी. पंधरवडाभर आधी कळवले की आजोबा नातवाकडून वाचनाची तयारी करून घेतात आणि त्या रविवारी ते घर पूर्ण संख्येने येते. संदेश पंचवीस मिनिटांत संपावा. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन न्यावे आणि तेव्हा त्या आळीतील शेजारच्या घरांनाही बोलवावे. यातूनच पुढे आळीवार प्रार्थनागट तयार होतात. त्यांना वेगळे नाव, वेगळी पावती, वेगळा झेंडा देऊ नये.

गायनाचा प्रश्न नाजूक आहे. इंग्रजी माध्यमातील मुलांना ‘उपासनासंगीत’ या जुन्या गीतसंग्रहातील भाषा जड जाते आणि त्यांना पडद्यावर गाणी दाखवली की प्रश्न सुटला असे मोठ्यांना वाटते. माझ्या मते आपल्याजवळ असलेली संपत्ती आपण पुरती वापरलेलीच नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती अभंग, भजन आणि कीर्तन यांची जी वाट घातली, ती या मातीतली होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तोही ख्रिस्ती जीवन आवाराच्या भिंतीबाहेर यावे म्हणूनच. वर्षातून दोनदा चर्चच्या पटांगणात ख्रिस्ती कीर्तन ठेवले, मुलांना टाळ आणि पेटी हाताळू दिली, अभंगाचा अर्थ आधी पाच मिनिटे समजावला, तर जुन्यानव्याचा तंटा बराच निवळतो. बाजूच्या आळीतील इतरधर्मीय शेजारी कीर्तनाला सहज येऊन बसतात; इतर कार्यक्रमांना ते दारातूनच पाहत राहतात.

फाटकाबाहेर: एकच काम निवडणे

जामखेडचे उदाहरण प्रत्येक मंडळीने नीट अभ्यासावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. ते डॉक्टर होते, पण गावकऱ्यांशी बोलल्यावर लोकांची पहिली गरज औषध नसून पाणी आणि अन्न आहे हे त्यांनी मान्य केले आणि कामाची दिशा त्याप्रमाणे ठेवली. पुढे खेड्यातील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून त्यांनी काम त्यांच्या हाती दिले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याला एवढा मोठा प्रकल्प उभारायचा नाही, पण आधी विचारणे आणि नंतर काम स्थानिक माणसांच्या हाती देणे, हे दोन्ही लहान मंडळीला सहज जमण्यासारखे आहे.

गटाने दोन शनिवार चर्चभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर पायी फिरावा. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, शाळेचे मुख्याध्यापक, किराणा दुकानदार, नगरसेवक आणि रिक्षाथांब्यावरचे चालक यांच्याशी बोलावे. जे ऐकू येईल त्याची घरभेटींतील तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांशी तुलना करावी. दोन्हीकडे आलेली गरज, आपल्या सभासदांकडे असलेले कौशल्य आणि आपल्याकडील जागा, या तिन्ही गोष्टी जेथे जुळतील ते एकच काम निवडावे. तीन कामे एकदम घेणाऱ्या मंडळीची तिन्ही कामे पावसाळ्यापर्यंत बंद पडतात.

जुन्या मिशन मंडळीजवळ एक भांडवल असते, ज्याकडे आपण ओझे म्हणून पाहतो: निवृत्त शिक्षक आणि निवृत्त परिचारिका. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना यांचे अर्ज भरून देण्याचे काम त्यांना उत्तम जमते. आधार कार्ड, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे गोळा करताना आणि हयातीचा दाखला वेळेवर देताना वृद्ध विधवांची जी दमछाक होते, ती तहसील कार्यालयाच्या पायऱ्यांवर अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. आठवड्यातून दोन सकाळी चर्चच्या ओसरीत टेबल मांडून बसावे. दलाल घेतात तसे पैसे घेऊ नयेत आणि प्रत्येक अर्जाची तारीख व पुढील फेरी वहीत लिहावी. त्याच टेबलाशेजारी निवृत्त परिचारिकेने रक्तदाब मोजून नोंद ठेवावी; औषध देऊ नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पाठवावे.

जागा मोठी असेल तर अभ्यासिका हे दुसरे चांगले काम आहे. तालुक्याच्या गावात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना शांत जागा मिळत नाही आणि आपला हॉल रविवार सोडून कुलपात असतो. त्यासाठी खुर्च्या, चांगले दिवे, पंखे, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि सकाळी सहापासून किल्ली सांभाळणारे विश्वासू माणूस हवे. मालक ट्रस्टची लेखी संमती आधी घ्यावी. शुल्क नाममात्र असावे, कारण अगदी फुकट जागेची शिस्त टिकत नाही. बीड आणि नगर भागांत, जेथून ऊसतोडीला घरेच्या घरे निघून जातात, तेथे दिवाळीनंतर आजीआजोबांकडे मागे राहिलेल्या मुलांसाठी संध्याकाळचे जेवण आणि अभ्यास हे काम त्याहून तातडीचे ठरेल.

मर्यादा

सेवेला कोणतीही अट जोडू नये. अभ्यासिकेत बसणाऱ्याला रविवारी येण्याचे आमंत्रण देणे, अर्ज भरताना पत्रक हातात ठेवणे, जेवणापूर्वी इतरधर्मीय मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणे, हे टाळावे. कोणी आपणहून विचारले की तुम्ही हे का करता, तर उत्तर देण्यास संकोचू नये. पण उपकाराखाली असलेल्या माणसासमोर आपण होऊन विषय काढणे प्रामाणिक नाही आणि आजच्या वातावरणात त्यातून उठणाऱ्या अफवांचा त्रास त्याच माणसाला आधी होतो. काम सुरू करण्यापूर्वी शेजारचे मंदिर, मशीद, बुद्धविहार यांच्या कार्यकर्त्यांना आणि पोलीस ठाण्याला कळवावे. शेजाऱ्यांपैकी एक-दोघांना या कामात स्वयंसेवक म्हणून घेता आले, तर उत्तम.

मुलांसोबतच्या कामासाठी लेखी नियम असावेत: कोणीही प्रौढ एकट्याने बंद खोलीत मुलाबरोबर राहणार नाही, छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय काढली जाणार नाहीत, तक्रार कोणाकडे करायची ते फलकावर लिहिलेले असेल. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जपण्यासाठी प्रकरण घरातच मिटवणे हा गुन्हा ठरतो.

पैसा आणि बाहेरगावचे सभासद

पहिले वर्ष स्थानिक दानावर काढावे. कापणीच्या सणात धान्य, कोंबड्या आणि फळांचा जो लिलाव होतो, त्यातील ठरावीक वाटा या कामासाठी आधीच जाहीर केला, तर बोलीसुद्धा चढते. दुकानगाळ्यांचे भाडे इमारतीच्या दुरुस्तीसाठी राखावे, सेवाकार्य त्यावर उभे करू नये. परदेशी संस्थेकडून किंवा परदेशी नागरिकाकडून मदत येणार असेल, तर विदेशी योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. कोणाच्या तरी व्यक्तिगत खात्यावर मागवलेले डॉलर हा मंडळी बुडवण्याचा जवळचा रस्ता आहे.

पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबांना परत आणता येणार नाही. ती तेथील मंडळ्यांत रुजावीत हेच योग्य. तथापि ज्यांचे आईवडील गावात आहेत, ते आपल्या कामाचे सर्वांत जवळचे आधार होऊ शकतात. दर तिमाहीला एका पानाचा अहवाल पाठवावा, नाताळात ते गावी आले की अभ्यासिकेत तासभर मुलांना मार्गदर्शन करण्यास सांगावे आणि मासिक मदतीची रक्कम लहान ठेवावी.

वर्षाअखेर आणि बदली

वर्ष संपताना पहिल्या आठ रविवारांच्या आकड्यांशेजारी नवे आकडे ठेवावेत. उपस्थिती दीडपट झाली नाही म्हणून निराश होऊ नये. नव्याने जबाबदारी घेतलेली माणसे किती, पुन्हा बोलू लागलेली घरे किती, हे अधिक महत्त्वाचे आकडे आहेत. जे काम चालले नाही ते ठराव करून बंद करावे आणि त्यावर खर्च झालेले पैसे हिशेबात दाखवावेत. एखाद्या ठिकाणी चार-पाच वृद्ध घरेच उरली असतील, तर शेजारच्या मंडळीशी संलग्न होऊन महिन्यातून एक उपासना तेथे ठेवण्याचा मार्ग बिशपांशी बोलून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

पाळकांच्या बदलीचा आदेश येण्याची वाट न पाहता सुपूर्त-वही दर सहा महिन्यांनी अद्ययावत ठेवावी. तीत चार रकान्यांच्या यादीचा केवळ आकड्यांतील गोषवारा, गटाचा ठराव, चालू कामांच्या जबाबदार व्यक्ती, किल्ल्या कोणाकडे आहेत, प्रलंबित अर्ज, ट्रस्टच्या परवानग्यांच्या प्रती आणि कोणत्या आजीकडे प्रभुभोजन कोणत्या आठवड्यात जाते, एवढे असावे. नवे पाळकसाहेब रुजू झाल्यावर गटातील दोघांनी स्वागत समारंभाच्या आधीच ती वही घेऊन त्यांना भेटावे आणि परिसर त्यांच्यासोबत पायी फिरण्याचा शनिवार तेथेच ठरवून यावे.